कूलंट जातं कुठे?

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, दर महिन्याला कमी होतंय आणि गाडीखाली मात्र थेंब नाही. अशी तक्रार ऐकली की बरेच जण लगेच सांगून टाकतात, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारा भाग, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गेली. कधीकधी ते खरंही निघतं. पण हेड उघडणं ही शेवटची पायरी आहे, आणि तिच्याआधीच्या बहुतेक तपासण्या बॉनेट उघडून, साध्या अवजारांनी होतात.

मुळात कूलंट इंजिन ऑइलसारखं थोडंथोडं जळत नाही. यंत्रणा बंद असते. वर्षभरात पातळी किंचित उतरली तर सोडून द्या; महिन्याभरात टाकीवरच्या मॅक्स खुणेवरून मिनवर आली, तर ते कुठेतरी जातंय.

आधी मोजा. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा, सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीच्या रेषेत चिकटपट्टी लावा आणि किलोमीटर लिहून ठेवा. गरम इंजिनात द्रव फुगतो, त्यामुळे संध्याकाळची पातळी सकाळच्या पातळीशी जुळवू नका. भर घालताना मापाने घाला. ‘हजार किलोमीटरला २०० मिली’ या वाक्यात मेकॅनिकला जे कळतं, ते ‘सारखं भरावं लागतं’ यात कळत नाही. हल्लीच कूलंट बदललं असेल तर आत अडकलेली हवा निघाल्यावर पातळी एकदोनदा उतरते. ती गळती नव्हे. आणि एसी चालू असताना गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनरंगी, बिनवासाचं पाणी हे एसीचंच असतं.

मग कूलंटच्या टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यावर ०.९, १.१ किंवा १.४ असा आकडा असतो. हा बारमधला दाब. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साध्या हवेत साधारण १०७ अंशांना उकळतं. एक बार जादा दाब दिला की हा आकडा १२५च्या पुढे जातो. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली की वाफ आधीच सुटते, तीही गाडी वेगात असताना, त्यामुळे घरी डाग दिसत नाही. झाकणात दुसरी, उलट्या दिशेची व्हॉल्व्हही असते. ज्या गाड्यांत झाकण थेट रेडिएटरवर आणि जादा कूलंटची बाटली वेगळी असते, तिथे इंजिन थंड होताना हीच व्हॉल्व्ह बाटलीतलं कूलंट परत ओढते. ती अडकली तर थंडपणी होज पाइप चपटा होतो. बाटलीचा बारीक पाइप चिरलेला असेल तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. दोन्हीत फसगत एकच: बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. म्हणून अशा गाडीत थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. गरम असताना कधीही नाही. दाब सुटताच सगळं एकदम उकळून अंगावर येतं.

आता खरी चाचणी, दाबाची. झाकणाच्या जागी हातपंप आणि गेज जोडायचा, झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा, जास्त नाही, आणि किमान १५-२० मिनिटं काटा बघायचा. सुरुवात थंड इंजिनावर करा, कारण गरम धातूवर पडलेला थेंब जागीच वाळतो. शिवाय काही क्लॅम्प फक्त थंडपणी गळतात: रबर आकसतं, पकड सैल होते. उलट काही भेगा तापल्यावरच उघडतात, म्हणून थंडपणी काटा स्थिर राहिला तरी इंजिन गरम करून पुन्हा तपासा. त्यासाठी हातपंप इंजिन थंड असतानाच जोडून ठेवा, आणि तापताना दाब आपोआप वाढतो तो झाकणाच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नका.

काटा उतरला की बघायच्या जागा: रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची आणि अॅल्युमिनियम जाळीची दुमड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, थर्मोस्टॅटचं घर, थ्रॉटल बॉडीकडे आणि टर्बोकडे जाणारे छोटे पाइप. ओल दिसेलच असं नाही. पांढरी किंवा गुलाबी-हिरवी खरपुडी दिसते. वॉटर पंपाच्या भोकातून खरपुडी ओघळलेली असेल तर सील संपलंय, पंप बदला. तरीही सापडलं नाही तर कूलंटमध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घालून काही दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा.

गळती केबिनमध्येही होते. काचेवर आतून तेलकट धुकं, गोडसर वास, पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला: हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय.

बाहेर काही नाही, केबिन कोरडी आणि काटा तरी उतरतोय, तर आत बघायचं. दाब रात्रभर ठेवा, सकाळी सगळे स्पार्क प्लग काढा आणि मगच इंजिन फिरवा. प्लग न काढता फिरवलं आणि सिलिंडरमध्ये कूलंट साचलेलं असलं, तर द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बोअरस्कोपने (भोकातून आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) पिस्टन बघा: बाकीचे काळे आणि एकच धुतल्यासारखा लख्ख असेल तर गुन्हेगार सापडला. ब्लॉक टेस्टर टाकीच्या तोंडावर लावून आतली हवा त्याच्या द्रवातून ओढायची; निळा द्रव टाकीतल्या वायूने पिवळा झाला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय. टाकीची पातळी आधी थोडी उतरवा, नाहीतर कूलंटच टेस्टरमध्ये ओढलं जातं. ऑइलच्या झाकणाखालची पांढरट साय हा मात्र पुरावा नाही. छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये साचलेल्या दमटपणानेही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं तर गोष्ट वेगळी.

डिझेल गाडीत इथे थांबा. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून चिरला की कूलंट थेट इंजिनच्या हवेत जातं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघतं. ब्लॉक टेस्ट इथे दोन्ही बाजूंनी फसवते: कधी काहीच दाखवत नाही, तर कधी कूलरमधून शिरलेल्या धुराचा दोष गॅस्केटच्या माथी जातो. कूलरचा पाइप सोडून बघा. काजळीने काळा असायला हवा. ओला किंवा पांढरट असेल तर कूलर काढा, तोंडं बंद करा, हवेचा दाब देऊन गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की हेडला हात लावायचं कारण उरत नाही.

हेड काढावंच लागलं, तर नवी गॅस्केट टाकून लगेच बसवू नका. हेडची प्रेशर टेस्ट करून भेग नाही ना ते बघा. सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाटपणा मोजा. बऱ्याच इंजिनांत मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते, पण आकडा मॅन्युअलचाच धरा. ताणून बसवायचे बोल्ट नवेच घ्या. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा, कारण तळाशी राहिलेलं ऑइल बोल्ट आवळताना ब्लॉक फोडू शकतं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळा. गळती बंद करणारी बाटलीतली औषधं? ती हीटर कोअरच्या बारीक नळ्या आधी बुजवतात. अडलेल्या प्रवासापुरती ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

भरताना रंगावर जाऊ नका. रंग म्हणजे प्रत नव्हे, मॅन्युअलमधला दर्जा बघा. पाण्याने धुतल्यावर ब्लॉकमध्ये पाणी राहतंच, म्हणून एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. हीटर पूर्ण गरमवर, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड असतं आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात.

नंतर तीन सकाळी पातळी चिकटपट्टीशी ताडून बघा. पहिल्या दिवशी उतरली तर हवा निघाली असं समजा. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल, तर दाबाच्या चाचणीचा हातपंप पुन्हा जोडा.