यवतेश्वरचा उतार

(पहाट. साताऱ्यातली चिमणपुरा पेठ. अर्धं उघडं शटर, आत एकच दिवा. गिरणीचा पट्टा फिरू लागतो, आवाज हळूहळू चढतो.)

आमच्या गिरणीला तीन पायऱ्या आहेत. दगडी, मधोमध झिजलेल्या. गेल्या वर्षी सप्टेंबरात, सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी, मी या पायऱ्या उलट्या तोंडाने उतरले. शटर धरून, लहान मूल उतरतं तशी. मांड्या एवढ्या भरून आल्या होत्या की गुडघा जरा वाकवला तरी डोळ्यांत पाणी यायचं. दळण टाकायला आलेल्या बायका म्हणाल्या, "वहिनी, घाट चढलात ना, मग असं होणारच." मलाही तेव्हा तेच वाटलं.

पण ते चढाचं दुखणं नव्हतं. हे कळायला मला पुढचं अख्खं वर्ष लागलं.

(गिरणीचं आतलं दृश्य. धान्य दगडांत पडतंय. हाताच्या चिमटीत पीठ.)

मी ४४ वर्षांची. लग्न होऊन आले तेव्हापासून ही गिरणी बघते. त्याआधी सासूबाई बघायच्या. समर्थ मंदिराचा चौक इथून हाकेच्या अंतरावर. २०१२ साली ही स्पर्धा सुरू झाली, आणि तेव्हापासून दर सप्टेंबरात एका रविवारी आमच्या चौकातून माणसांचा लोंढा यवतेश्वरच्या घाटाकडे जाताना मी पाहिलाय. २०१५ ला २६१८ जण एका वेळी हा डोंगर धावले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्या दिवशीही मी पदराला पीठ पुसत कडेला उभी होते.

मग २०१६ चा ऑगस्ट. रिओ ऑलिंपिक. ललिता बाबर आपल्याच जिल्ह्याची, माण तालुक्यातल्या मोहीची. माण म्हणजे पाण्यासाठी मैल मैल चालणारा मुलूख. तिथली मुलगी ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत धावत होती. १५ ऑगस्टची संध्याकाळ होती. गिरणी बंद ठेवून आम्ही दोघी, मी आणि सासूबाई, टीव्हीसमोर बसलो होतो. ललिता दहावी आली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या आयुष्यात कधी धावल्या नव्हत्या. पण जात्यावर दळलेल्या होत्या. दम कशाला म्हणतात ते त्यांना माहीत होतं.

मी स्वतः बूट घातले ते मात्र फार पुढे, बेचाळिसाव्या वर्षी.

(अंधारातला चौक. चार-पाच जणांचे पाय, एक बॅटरी, कुत्र्याचं भुंकणं.)

पहाटे पाचला आमची मंडळी समर्थ मंदिरापाशी जमते. त्यांत एक नर्स आहे, दोन कॉलेजची मुलं आहेत आणि सुभेदारमामा आहेत. मामा मिलिटरी अपशिंग्याचे, घराघरातून फौजेत गेलेल्यांच्या गावचे. नोकरीची बरीच वर्षं डोंगरात काढलेली. वयाची साठी उलटली तरी घाटात आमच्या पुढे असतात.

आम्हा सातारच्या धावणाऱ्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, सप्टेंबरात होतं. शहरातून निघायचं, राजपथावरून, अदालत वाड्यावरून समर्थ मंदिराला यायचं, बोगद्यापाशी घाटाला लागायचं, यवतेश्वर ओलांडून कासच्या रस्त्यावर जायचं आणि तिथून मागे वळायचं. २१ किलोमीटर. जाताना चढ, येताना तोच रस्ता उतार.

गेल्या वर्षी वर जाताना मी खुशीत होते. धुकं होतं, कडेला तेरडा फुललेला, खाली सातारा दिसतो न दिसतो असा. ज्यांच्या पाठी बघत शहरातून निघाले होते त्यांतल्या कितीतरी जणांना घाटात मागे टाकलं. वळताना घड्याळ पाहिलं, १ तास २४ मिनिटं. मनात म्हटलं, झालं, आता काय, उतारच तर आहे.

उतरायला मला १ तास २७ मिनिटं लागली.

चढायला लागला त्याहून जास्त वेळ उतरायला. हा आकडा मी घरी आल्यावर कागदावर मांडला, पुन्हा पुन्हा वजाबाकी केली. उतारावर लागताच पाय थाडथाड आपटायला लागले होते. प्रत्येक पावलाला मी स्वतःला मागे खेचत होते. पडेन या भीतीने अंग मागे टाकलेलं, टाच पुढे. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये, आमच्याच चौकात, पायांत गोळे आले आणि शर्यत बघायला खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंसमोरून मी चालत गेले. एकूण वेळ २ तास ५१ मिनिटं.

(पायऱ्यांचं जवळून दृश्य.)

नंतर नर्सताईंनी नीट समजावून सांगितलं. चढताना मांडीचा स्नायू आवळून आखूड होतो आणि अंग वर ढकलतो. त्याने दम लागतो. उतरताना तोच स्नायू अंगाचा भार पेलत, आवळलेला असतानाच ताणला जातो. असं ताणलं जाणं त्याला फार महागात पडतं. त्याचे बारीक तंतू दुखावतात, आणि ती कळ त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. म्हणून रविवारी मी हसत पदक घातलं आणि सोमवारी पायरी उतरता येईना. चांगली गोष्ट एवढीच की स्नायूला एकदा उताराची सवय लागली की पुढच्या वेळी तो इतका दुखावत नाही. सवय मात्र उतारावरच लावावी लागते, थोडी थोडी.

उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि नख बुटाच्या टोकावर हजारो वेळा आपटतं. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावताना ते नख अलगद हातात आलं. पुढचे बूट मी एक नंबर मोठे घेतले आणि नाडी घोट्यापाशी घट्ट बांधायला शिकले.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्याची अर्धी मॅरेथॉन. सणस मैदान, थंडी, बऱ्यापैकी सपाट रस्ता. २ तास २४ मिनिटं. छान झाली, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही.

जानेवारीत मुंबई. माहीमहून अर्धी मॅरेथॉन. सी लिंकवरून धावले, ते मी विसरणार नाही. समुद्राच्या मधोमध धावायचं भाग्य मला गिरणीने दिलं नसतं. पण मुंबईची हवा! आमच्याकडे जानेवारीत पहाटे तोंडातून वाफ निघते, आणि इथे दहाव्या किलोमीटरलाच कपडे पिळून काढावेत असा घाम. पेडर रोडचा चढ मी न थांबता चढले. नंतर मरीन ड्राइव्हवर मात्र पाय बसले. २ तास ३३.

(उसाचं रान. कोयत्याचे आवाज. ट्रॉली. ट्रॉलीला लावलेली फळी.)

फेब्रुवारीतल्या एका शर्यतीबद्दल सांगायचंय. नाव घेत नाही. गावातली होती, बक्षिसांचे मोठे फलक लावले होते. पंधराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं, पाणी नव्हतं. रिकामे खोके आणि वाऱ्यावर उडणारे कागदी पेले. मागून येणाऱ्यांना पाणी उरलं नव्हतं, आणि मागून येणारे म्हणजे आम्ही हौशी, ज्यांना पाणी जास्त लागतं कारण आम्ही उन्हात जास्त वेळ असतो. मला राग आला. आजही येतो. पळायला बोलावलेल्या माणसाला घोटभर पाणी नाही, हे मला पटत नाही.

तोंड कोरडं पडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या रानात ऊसतोड चालली होती. एका बाईने मला पाहिलं, हातातला कोयता खाली ठेवला आणि कळशीतून पाणी ओतून दिलं. मी बांधावर बसून प्यायले. ती म्हणाली, "कशापायी पळायलाय?" मला पटकन सांगता आलं नाही. मी म्हटलं, "बरं वाटतं, ताई." तिने मान हलवली. तिला ते पुरेसं वाटलं असावं.

मग ती कामाला लागली. उसाची मोळी डोक्यावर घेतली आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढली. फळी हातभर रुंद, तिच्या वजनाने लवलवणारी. वर मोळी टाकली आणि उतरली. मी बघत राहिले. अंग किंचित पुढे, पावलं बारीक, एकामागून एक झरझर, पायाचा आवाज नाही. फळीवर ती कुठेही अडखळली नाही, कुठेही मागे रेलली नाही.

सुभेदारमामा मला तीन महिने हेच सांगत होते. "पोरी, उतरताना ब्रेक मारू नगं. पाऊल लांब टाकू नगं, अंगाखाली टाक. पायाचा आवाज ऐक." ऐकत होते, पण कळत नव्हतं. त्या बांधावर बसून कळलं.

ती शर्यत मी पूर्ण केली नाही. बांधावरूनच परत फिरले.

(पुन्हा गिरणी. दगडांचा आवाज, मग थोडा बदललेला आवाज.)

आवाज ऐक म्हणजे काय, हे खरं तर मला आधीच यायला हवं होतं. माझं कामच ते. दगड जास्त जवळ आले की गिरणीचा आवाज चिरका होतो, पीठ गरम पडतं, करपल्यासारखा वास येतो. दगडाला टाकी मारायची, म्हणजे झिजलेला दगड पुन्हा खरबरीत करायची, वेळ झाली की आवाज बोथट होतो. सासूबाई माडीवरून, डोळे मिटूनसुद्धा सांगतात, "जाड पडतंय गं." मी घाटात तसं ऐकायला लागले. थाड वाजलं की पाऊल लांब पडलं. टप वाजलं की बरोबर.

मोबाइल लावून पावलं मोजली. उतारावर मिनिटाला १५२ पडत होती. १७० च्या वर न्यायची होती. मला एवढी घाई झाली की मार्चमध्ये आठवड्यातून चार दिवस यवतेश्वरचा उतार उतरायला लागले. मामा नको म्हणत होते. एप्रिलमध्ये डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी खुपसावी अशी कळ यायला लागली. सहा आठवडे धावणं बंद. चूक माझीच होती.

त्या सहा आठवड्यांत या तीन पायऱ्या कामी आल्या. व्यायाम साधा होता. पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहायचं, गुडघा सावकाश वाकवायचा, दुसरी टाच खालच्या पायरीला नुसती टेकवायची आणि वर यायचं. एका पायावर पंधरा वेळा. एक डबा गहू दळून होईपर्यंत दोन्ही पायांचे तीन फेरे व्हायचे. पहिल्या दिवशी पाय लटलट कापला. शेजारच्या मुली बघून करायला लागल्या. मे महिन्याच्या शेवटी माझा पाय कापायचा थांबला.

(पावसातला घाट. धुकं. लाल पाणी रस्त्यावरून वाहतंय.)

मग जून, जुलै, ऑगस्ट. घाटात पाच फुटांवरचं दिसत नाही. दरडीतून सुटलेले दगड रस्त्यावर पडलेले असतात, कडेला शेवाळ. रविवारी पर्यटकांच्या गाड्या, त्यामुळे आम्ही उजाडायच्या आत वर जाऊन खाली येतो. आठवड्यातून एकदाच उतार, तोही निम्म्या वेगाने. बाकी दिवस सपाटीला, बोलता येईल इतपत सावकाश. ओले बूट मी रात्री गिरणीत, मोटारीच्या उबेला ठेवते. सकाळी त्यांना बाजरीच्या पिठाचा वास येतो. तो वास आला की माझे पाय आपोआप बाहेर पडतात.

(शर्यतीचा दिवस. ढोलताशा. गर्दी.)

यंदाचा सप्टेंबर. चढायला १ तास २३ मिनिटं, गेल्या वर्षीपेक्षा अवघं एक मिनिट कमी. वळले. मामांचा शब्द आठवला नाही, ती बाई आठवली, ती फळी आठवली. अंग जरा पुढे टाकलं. टप टप टप टप. पहिल्या वळणावर भीती वाटली, दुसऱ्यावर थोडी कमी. यवतेश्वराला हात जोडले, खाली अजिंक्यतारा उन्हात दिसला, आणि मला जाणवलं की मी स्वतःला मागे खेचत नाहीये. रस्ता मला नेत होता आणि मी जात होते. रडू आलं. पळता पळताच रडले.

चौकात आले तर सासूबाईंची खुर्ची रिकामी. जीव चरकला. थांबावं का? शेजारच्या काकूंनी ओरडून सांगितलं, "त्या चहा टाकायला आत गेल्यात! तू नऊपर्यंत येशील म्हणाल्या!"

उतार १ तास ९ मिनिटं. एकूण २ तास ३२.

(सोमवार सकाळ. गिरणी. पायऱ्या.)

आज सोमवार. मांड्या दुखतायत, नाही असं नाही. वरच्या आळीतल्या आजींचं दहा किलो गव्हाचं दळण झालंय आणि त्यांना डबा उचलवत नाही. मी डबा कमरेवर घेतला. शटर धरलं नाही.

(तीन पायऱ्या. दोन पावलं, सरळ उतरतात. पट्ट्याचा आवाज चालूच.)