सीमेच्या अलीकडची माणसे: सादाको ओगाता

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची घाऊक कापडपेठ फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी उभी केली. त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, याच जागेवरच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. घर सुटलेल्या माणसाला आधी आसरा लागतो आणि मग रोजगार, हे कोल्हापूरकरांनी दोनदा जवळून पाहिले आहे. निर्वासितांसाठी काम केलेल्या जपानच्या सादाको ओगाता यांच्या कारकिर्दीकडे म्हणूनच येथून पाहावेसे वाटते.

१९२७ साली टोकियोत जन्मलेल्या ओगाता मूळच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक. त्यांचे पणजोबा, पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी, यांची १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी हत्या केली होती. प्राध्यापकी, संयुक्त राष्ट्रांत जपानचे प्रतिनिधित्व आणि युनिसेफच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद सांभाळल्यानंतर, फेब्रुवारी १९९१ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त झाल्या. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

पदभार घेऊन दोन महिने होत नाहीत तोच सद्दाम हुसेन यांच्या सैन्याने इराकमधल्या कुर्दांचा उठाव चिरडला आणि लाखो लोक जीव घेऊन पळाले. इराणने त्यांना आत घेतले, तुर्कस्तानने मात्र सीमा बंद केली, आणि सुमारे साडेचार लाख कुर्द बर्फाळ डोंगरांत अडकून पडले. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर पडलेला माणूस, आणि ही माणसे तर अजून इराकमध्येच होती. त्यांना तेथेच मदत केली तर इतर देशांत आश्रय मागण्याचा हक्क दुबळा होईल, अशी भीती ओगातांच्या काही सहकाऱ्यांना वाटत होती, आणि ती निराधार नव्हती. तरीही ओगातांनी इराकमध्ये जाऊन काम करण्याचा निर्णय घेतला, कारण जीव वाचवणे हेच त्यांनी पहिले कर्तव्य मानले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोलाचा निर्णय होय.

बोस्नियात लढणारे पक्ष मदतीचेच राजकारण करू लागले, तेव्हा फेब्रुवारी १९९३ मध्ये त्यांनी तेथील बहुतांश काम थांबवले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस घाली यांनी काही दिवसांतच तो निर्णय फिरवला. युद्धाचा राजकीय तोडगा सरकारांनीच काढायचा असतो, धान्याचे ट्रक तो काढू शकत नाहीत, हे त्या पुढेही सातत्याने सांगत राहिल्या.

निर्वासित गावी परतले की आपत्कालीन निधी आटतो. शाळा, पाणी आणि शेती यांसाठीचा विकासनिधी मात्र पुष्कळ उशिरा पोहोचतो. ही दरी बुजवण्यासाठी १९९९ मध्ये त्यांनी जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांच्यासह पुढाकार घेतला. उच्चायुक्तपद सोडल्यावर त्यांनी अमर्त्य सेन यांच्याबरोबर मानवी सुरक्षाविषयक आयोगाचे अध्यक्षपद भूषवले. २००३ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्या जपानच्या 'जायका' या विकास सहकार्य संस्थेच्या प्रमुख झाल्या, आणि २०१२ पर्यंतच्या कार्यकाळात त्यांनी टोकियोतले अनेक कर्मचारी प्रत्यक्ष कामाच्या देशांत पाठवले व आफ्रिकेकडे अधिक लक्ष वळवले.