बरणीकडे बघा, घड्याळाकडे नाही

(दृश्य: धरमपेठेतलं स्वयंपाकघर, मे महिना. ओट्यावर काचेची बरणी, तिला रबरबँड.)

निवेदन:

हे पावाचं खमीर. सावरडोचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पावाचा, स्टार्टर म्हणतात तो हाच. सकाळी 7 वाजता याला खाऊ घातलं: जुनं खमीर, कणीक आणि पाणी, तिन्ही वजनाने सारखं. तेव्हाच्या पातळीवर हा रबरबँड चढवला. आत्ता 10 वाजलेत आणि खमीर दुप्पट वर आलंय.

सगळीकडे सांगतात, चार ते सहा तास थांबा. ते 24-25 अंशांच्या खोलीचं गणित आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि कूलरची हवा ओट्यापर्यंत पोचत नाही. इथे घड्याळ लावून बसलात, तर खमिराची ऐन वेळ हातची जाते.

(दृश्य: काचेच्या कडेने, अगदी जवळून.)

कडेने जाळी दिसते ना? लहानमोठे बुडबुडे, तळापासून वरपर्यंत. कणकेतलं यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो चिकट कणकेत अडकतो. आता माथा बघा, फुगीर आहे. थोड्या वेळाने तो सपाट होईल, मग मधून खचेल आणि काचेवर ओघळ उरेल. माथा फुगीर असताना किंवा नुकता सपाट झाल्यावर पीठ मळायला घ्या. खचलं म्हणजे मेलं नाही, भूक लागली आहे. पुन्हा खाऊ घाला.

नवीन खमीर लावणारे फसतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. बरणी एकदम भरून येते आणि वाटतं, जमलं! पण तो वायू बहुतेक वेळा कणकेतल्या भलत्याच जिवाणूंचा असतो. वास घ्या, कुजकट येतो. पुढे आंबटपणा वाढला की ते जिवाणू मागे पडतात आणि खमीर काही दिवस ढिम्म बसून राहतं. कितीतरी जण नेमके इथेच कंटाळून ते टाकून देतात, याचं फार वाईट वाटतं. टाकू नका. रोज खाऊ घालत राहा. यीस्टला आंबटपणा सोसतो, ते सावकाश जोर धरतं. लागोपाठ दोन-तीन दिवस खमीर साधारण सारख्याच वेळात दुप्पट झालं, की ते तयार समजा.

चमचाभर खमीर पाण्यात टाकून तरंगतं का ते बघायची पद्धत आहे. कणकेच्या खमिरासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. कोंड्यामुळे वायू निसटतो आणि चांगलं खमीरही बुडतं. त्यापेक्षा नाक खरं. ताकासारखा, पिकल्या फळासारखा आंबूस वास हवा. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला किंवा वर करडं पाणी साचलं, तर ती भूक. गुलाबी, नारिंगी रेघ दिसली किंवा केसाळ बुरशी धरली, तर मात्र सगळं फेकायचं. वरचं काढून खालचं वापरणं नाही.

(दृश्य: परातीत पाणी, पाण्यात बरणी, भोवती ओलं फडकं.)

यीस्टला 25 ते 30 अंश मानवतात. चाळिशी ओलांडली की ते थकतं, ऊब आवडणारे जिवाणू पुढे जातात, आणि खमीर आंबट नि पातळ होतं. म्हणून ही परात. विदर्भाचा उन्हाळा कोरडा, फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि बरणी माठासारखी गार राहते. खुराकही वाढवायचा: 10 ग्रॅम खमिराला 50 ग्रॅम कणीक आणि 50 ग्रॅम पाणी. जास्त खाणं संपवायला जास्त वेळ लागतो, तेवढी आपल्याला उसंत मिळते. पाणी माठातलंच घ्या.

पावसाळ्यात हवा दमट झाली की ओल्या फडक्याचा उपयोग उरत नाही, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो. डिसेंबरच्या थंडीत हेच खमीर दिवसभर घेईल. तेव्हा परात काढून ठेवा, कोमट पाणी वापरा, आणि रबरबँड तेवढा बरणीला राहू द्या.