आपल्याच गावात पाहुणा

मित्रहो, व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला विचारले, “सर, कोल्हापूरकरांना कोल्हापूर काय दाखवणार?” प्रश्न रास्त होता. समोर बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, राजारामपुरी अशा परिसरांत गेले आहे आणि माझेही तसेच गेले आहे. तरीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक संपूर्ण दिवस मी ‘कोल्हापूर दर्शना’च्या बसमध्ये बसून हे गाव पाहिले. त्या दिवसाने मला जे दिले, ते आपल्यापुढे मांडावे असे मनापासून वाटते.

माझा मावसभाऊ अमरावतीहून सहकुटुंब आला होता. त्याने आधीच त्या बसची तिकिटे काढली होती आणि एक जागा रिकामी होती, म्हणून मीही निघालो. गावात जन्मलेल्या माणसाने मार्गदर्शकाच्या मागून चालायचे, याचा सुरुवातीला संकोच वाटला. भवानी मंडपातून निघून टाउन हॉलपाशी उतरेपर्यंत मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपण या गावातील वास्तूंचा उपयोग पत्त्यांसारखा करतो. “बिनखांबी गणपतीपाशी थांब”, “बिंदू चौकातून खाली ये”, “टाउन हॉलच्या समोर सीपीआर” अशी वाक्ये आपण रोज बोलतो, पण ज्या खुणेवरून वळतो त्या खुणेकडे मान वर करून पाहत नाही.

टाउन हॉलचेच पाहा. सीपीआर रुग्णालयात कोणी दाखल असले की डबा घेऊन त्या बागेसमोरून मी किती वेळा गेलो असेन, याची गणतीच नाही. चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिलेली ही इमारत आज संग्रहालय आहे, आणि त्यात मी शाळेच्या सहलीनंतर त्या दिवशी प्रथमच पाऊल ठेवले. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, म्हणजे पंचगंगेच्या काठावर, १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकाळी येथे नांदती वस्ती होती, हे त्या टेकडीने दाखवून दिले. तेथीलच कांस्यवस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक छोटी मूर्ती आहे. समुद्र आपल्यापासून सह्याद्रीपलीकडे, घाट उतरून गेल्यावर लागतो. तरीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडील व्यापाराचा धागा आपल्या नदीकाठापर्यंत पोहोचला होता. पुतण्याने विचारले, “काका, तुम्ही हे याआधी पाहिलं नव्हतं?” मी नाही म्हणालो, आणि त्या उत्तराचे मला वाईट वाटले.

न्यू पॅलेसविषयी मी थोडक्यातच बोलतो, कारण पाहुण्यांना तो नीट दाखवला जातो. १८७७ ते १८८४ या काळातील ती काळ्या दगडाची वास्तू, तिचा घड्याळाचा मनोरा आणि आतील शस्त्रे व शिकारीचे प्राणी यांची माहिती त्या तरुण मार्गदर्शकाने उत्तम दिली. रंकाळ्यावर भेळ झाली, चप्पल लाइनीत खरेदी झाली. मला अधिक बोलायचे आहे ते बस ज्या ठिकाणी थांबली नाही, त्या ठिकाणांविषयी.

बस सकाळी भाऊसिंगजी रोडवरून गेली होती. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल होते. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असताना, पाण्याला शिवल्याच्या कारणावरून दलित म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन हॉटेल काढायला सांगितले. लोक तेथे चहा घेईनात, तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दारात थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने कायदा करणे वेगळे आणि भर रस्त्यात कप हातात धरणे वेगळे. माझ्या मते या शहरात पाहुण्याला सर्वप्रथम उभे करावे अशी जागा हीच आहे, मग तेथे पाहण्यासारखी वास्तू उरलेली असो वा नसो. बिंदू चौकाचेही तसेच झाले. महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे तेथे १९५० मध्ये, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच बसवले गेले. आमच्या बसमध्ये त्या चौकाचा उल्लेख झाला तो वाहनतळ म्हणून.

खासबागेच्या कुस्ती मैदानात आम्हांला दहाच मिनिटे मिळाली. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले आणि रोममधील भव्य रंगणावरून त्यांना या मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ते परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा त्यांचा आदेश करवीर संस्थानात प्रसिद्ध झाला. मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारा उतार, त्यामुळे सर्वांत मागे बसलेल्यालाही पैलवानाची पकड दिसते. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, ज्यांचे नाव त्याला आहे त्या गायकनटाच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळाले तेव्हा मी त्या गर्दीत उभा होतो. “येथे आग लागली होती,” एवढेच वाक्य बसमधील लोकांना ऐकायला मिळाले. मी न राहवून उठलो आणि त्या रात्री म्हातारे नट रस्त्याच्या कडेला बसून कसे रडत होते, ते सांगितले. मार्गदर्शक मुलगा रागावला नाही. त्याने ध्वनिक्षेपक माझ्या हाती दिला.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. वर्षातून एकदा तिकीट काढून अशा बसमध्ये बसा. ९ ते ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणे महाद्वारातून अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत कशी चढत जातात आणि वाटेतील बांधकामांमुळे ती कशी अडतात, हे मार्गदर्शकाला एका वाक्यात सांगावे लागते. आपल्यापैकी अनेकांनी ते तीस-चाळीस वर्षे पाहिले आहे. ते आपण सांगितले पाहिजे, आणि जे आपल्यालाच ठाऊक नाही ते त्याच्याकडून ऐकले पाहिजे.

पुढच्या रविवारी मी आईला टाउन हॉलमध्ये घेऊन गेलो. माझा जन्म समोरच्या सीपीआरमधला, पण ती या इमारतीत कधी आली नव्हती. पोसायडनसमोर ती बराच वेळ उभी राहिली. ही मूर्ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली, असे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अरे, तिथनंच की आम्ही धुणं घेऊन घाटावर जायचो.”