हळदीतला पिवळा रंग आणि पुस्तकातला आकडा

या, या, समोर बसा, मागे कूलरची हवा पोचत नाही. मे महिन्यात नागपुरात रविवारी सकाळी एवढे लोक घराबाहेर पडले म्हणजे एकतर फोटोची आवड असंल, नाहीतर खाली तर्री-पोहे आहेत हे कोणीतरी फोडलेलं दिसते.

विषय असा आहे की फोटो एडिटिंग नव्याने शिकणाऱ्याला पुस्तकाचा, म्हणजे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या त्या जाडजूड गाईडचा, उपयोग होतो का. माझा इथं महाल भागात फोटो स्टुडिओ आहे, पोरं शिकायला येतात, जातात, म्हणून मला बोलावलं असावं. मी काही पुस्तकांच्या विरोधात नाही बरं का, मी स्वतः त्यातूनच शिकलो. त्या वेळी सॉफ्टवेअरची सीडी कुठून आणली ते विचारू नका, पण पुस्तक मात्र बर्डीच्या बाजारातून पैसे देऊन आणलं होतं.

एक किस्सा सांगतो. माझ्याकडे एक पोरगा होता, अभ्यासू, पुस्तकाचं पान अन् पान वाचलेलं. त्याला एका लग्नाचे हळदीचे फोटो दिले अन् मी दुसऱ्या ऑर्डरवर गेलो. आता पुस्तकात एक धडा होता की फोटोवर पिवळी झाक आली असंल तर कर्व्ह्जमधला, म्हणजे उजेड-रंग सुधारायच्या खिडकीतला, ग्रे ड्रॉपर घ्या, जे मुळात पांढरं किंवा राखाडी असायला पाहिजे त्याच्यावर क्लिक करा, झाक जाते. एकदम बरोबर धडा, त्यात चूक काहीच नाही, पुस्तकातल्या फोटोत बल्बच्या उजेडातली पांढरी भिंत होती. आपल्या भावानं काय केलं, नवरीची साडी मुळात पांढरी होती हे त्याला माहीत होतं, तर हळदीनं माखलेल्या त्या साडीवरच क्लिक केलं, अन् तेच सेटिंग सगळ्या फोटोंना मारलं. मी येऊन पाहतो तर नवरीच्या गालावर हळद नाही, भस्म! नवरीची मावशी प्रूफ पाहायला आली, तिनं एकच विचारलं, 'भाऊ, आमची हळद कुठं गेली?'

आता यात पुस्तकाचा दोष काय? काहीच नाही. पण पुस्तकाला तुमचा फोटो दिसत नाही न बाप्पा. त्याला त्याच्या पानावरचा फोटो माहीत आहे, त्यातली झाक ही चूक होती, आपल्या फोटोतला पिवळा हाच तर फोटो होता. नवीन माणसाला हा फरक कळत नाही आणि त्याला वाटते की आकडा शिकलो म्हणजे काम शिकलो. उजेड-अंधाराच्या लेव्हल्समध्ये अमुक टाका, फोटो रेखीव करायच्या शार्पनिंगला तमुक टाका, वहीत लिहून घेतात पोरं, पाढ्यासारखं. मी वहीच बंद करायला लावतो.

दुसरी अडचण उलटी आहे. पुस्तकात शोधायला आधी नाव माहीत पाहिजे. पोरगा येतो न म्हणतो, दादा ते काय असते, कापलेल्या माणसाची कड जरा नरम करायची असते ते. त्याला फेदर म्हणतात हे माहीत असतं तर तो माझ्याकडे आलाच नसता. त्यात एक मराठी पुस्तक पाह्यलं मी, त्यात लेयरला, म्हणजे फोटोवर एकावर एक ठेवायच्या पारदर्शक कागदांसारख्या पापुद्र्यांना, 'थर' केलेलं, पोरगं अर्धा तास इंग्रजी मेनूत थर शोधून राह्यलं.

अन् पुस्तक शिळं होते, हे तर आहेच. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची, त्यात लेयर नव्हतेच, ते आले १९९४ ला. डाग घालवायचा हीलिंग ब्रश २००२ चा. ही भर पडणं समजू शकतो, पण २०१८ च्या शेवटी जे केलं न त्यानं जुनी पुस्तकं चक्क उलटी झाली. आधी फोटो लहान-मोठा करताना प्रमाण बिघडू नये म्हणून शिफ्ट दाबून ठेवायचं, आमची बोटं त्यातच म्हातारी झाली. नव्या आवृत्तीत शिफ्ट न दाबता प्रमाण राहते, अन् दाबलं की बिघडते. त्या सीझनला आमच्या एका अल्बममधला नवरदेव असा फुगला की त्याच्या सासऱ्यानं ओळखला नाही.

मग व्हिडिओ पाहा म्हणतात. पाहा ना, पण व्हिडिओ पळते, तुम्ही थांबवता, मागं नेता, तोवर काय करत होतो तेच विसरता. पुस्तक बाजूला उघडं पडून राहते, पंख्यानं पान उलटलं तर मोबाईल ठेवा त्याच्यावर, झालं. अन् काही धडे शिळे होतच नाहीत. पिक्सेलचा, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो त्यांचा, हिशोब घ्या. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे पासपोर्टचा साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा, आणि ४ बाय ६ इंची कागदावर असे आठ बसतात. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही हेच आहे. हे ज्यानं वाचलं तो गिऱ्हाईकाला शांतपणे सांगू शकते की काका, व्हॉट्सअॅपवर आलेला हा फोटो १६०० पिक्सेलचा आहे, याचा १२ बाय १८ इंची प्रिंट नीट निघणार नाही, त्याला लांबीकडून ५४०० लागतात. बाकीचे पोरं 'होऊन जाईल' म्हणतात आणि मग भांडणं.

म्हणून मी नवीन आलेल्याला पुस्तक पहिल्या दिवशी देत नाही. आधी म्हणतो, घरचा एक बिघडलेला फोटो आण, आजीचा, फुटाळा तलावावरचा, कोणताही, अन् यात काय खटकते ते तोंडानं सांग. 'अंधार आहे' एवढंच नाही, कुठं अंधार आहे, तोंडावर की मागं? आठ दिवस नुसतं हेच. मग पुस्तक.

एक रिटायर काका यायचे शिकायला, सत्तरीचे. त्यांनी माझ्या जुन्या पुस्तकात पेन्सिलनं समासात लिहून ठेवलंय, 'हे बटन आता इथं नाही, वर उजवीकडं पाहा', एके ठिकाणी 'हे माझ्या फोटोला लागू पडलं नाही, फोटो दुपारचा होता'. आता पोरं छापलेलं कमी अन् ती पेन्सिल जास्त वाचतात. ते पुस्तक आणलंय मी, टेबलावर ठेवतो, पाहून घ्या. फक्त पोह्यांच्या आधी पाहा, तर्रीचा हात त्याला लावू नका.