पदाआधीचं वाक्य
(संगीत नाटकात काम करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या शिबिरातील व्याख्यान, संपादित)

मंडळी, ‘भूमिकेच्या निवडीला कोणतं पद गावं’ असा विषय ठरलाय आणि त्यावर मी येणारच आहे. पण आधी एक गोष्ट बोलल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं जाववणार नाही. ‘गद्य राहू द्या, थेट पद घ्या.’ निवडीच्या वेळी हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? (बरेच हात वर.) बघा!

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या आधी नाटकात गाणं नव्हतं का? होतं. पण ते सूत्रधार गायचा. १८८० साली ‘शाकुंतल’ आलं, १८८२ साली ‘सौभद्र’, आणि पद पात्राच्या तोंडी आलं. ज्याच्यावर प्रसंग गुदरलाय तोच गाऊ लागला. बोलता बोलता शब्द अपुरे पडले म्हणून तो गातो. आणि निवडीला आपण ते बोलणंच कापून टाकतो.

एका संस्थेच्या ‘सौभद्र’साठी मी परीक्षकांत बसलो होतो. सुभद्रेसाठी एक मुलगी आली. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार; निर्मळ आवाज, तयारी उत्तम. तिनं ‘वद जाऊ कुणाला शरण’ लावलं. आता प्रसंग तुम्हाला ठाऊकच आहे. बलरामदादानं दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, मन अर्जुनावर, आप्तांच्या विनवण्या करून झाल्यात, आणि सुभद्रा सखीला विचारतेय की आता जाऊ तरी कुणाकडे. पोरगी मुखड्यावरून जी तानांत शिरली ती बाहेर येईना. सखी बिचारी उत्तर द्यायला ताटकळत उभी! (हशा.) टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

मग दुसरी आली. आवाज बेताचा. ऑर्गनवाल्यांना म्हणाली, ‘काका, सूर धरून ठेवा, मी आधी दोन वाक्यं बोलते.’ माझ्या शेजारचे म्हणाले, गद्य नको. तरी ती बोलली. दुसरं वाक्य संपता संपता सुरावर टेकली. बोलणं कधी संपलं आणि पद कधी लागलं, सांगता येणार नाही. तान एकही नाही, फक्त ‘कुणाला’वर जरा रेंगाळली, आणि त्या रेंगाळण्यात सगळी सुभद्रा होती.

घेतलं पहिलीला. मी भांडलो, पण मत एकट्याचं पडलं. पुढं तालमीत दिग्दर्शकाचा निम्मा वेळ ताना छाटण्यात गेला. मला ते आजही बोचतं.

या ताना मुलं आणतात कुठून? ध्वनिमुद्रिकांतून. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. गवयाला तेवढ्यात आपली गायकी दाखवायची असे. तिथं ना मागचं वाक्य, ना समोरचं पात्र. स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणराव राजहंसांच्या, मुद्रिका जरूर ऐका, मी रोज ऐकतो. पण भरजरी शालूंची आवड असलेले हेच नारायणराव १९१९ साली ‘एकच प्याला’त फाटकं लुगडं नेसून, दारुड्या नवऱ्याची बायको सिंधू म्हणून उभे राहिले. तबकडीत ते लुगडं दिसत नाही.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

भूमिकेतलं सर्वांत गाजलेलं पद शक्यतो टाळा. परीक्षकांच्या कानात दुसराच आवाज घुमत असतो. ‘कट्यार काळजात घुसली’तल्या खाँसाहेबांसाठी येणारा जो तो ‘सुरत पिया की’ घेतो आणि ती भूमिका गाजवणाऱ्या वसंतराव देशपांड्यांशी तुलना ओढवून घेतो. त्यापेक्षा ‘या भवनातील गीत पुराणे’ घ्या. गाण्याच्या सामन्यात जिंकलेला माणूस हरलेल्याचे हळवे सूर घराबाहेर काढतोय. तो ताठा तुमच्यात आहे का, हे दिग्दर्शकाला लगेच कळेल.

दुसऱ्या नाटकातलं पद घेणार असाल तर पात्राची अवस्था जुळवा, राग नंतर. सुभद्रेसाठी सिंधूचं ‘कशि या त्यजू पदाला’ नेऊ नका. दोघी दुःखी आहेत हे खरं, पण सिंधूचा निर्णय झालाय, ती नवऱ्याला सोडणार नाही. सुभद्रेला अजून वाट सापडायचीय. कृष्णासाठी ‘नच सुंदरी करू कोपा’ गायचं तर समोर रुसलेली रुक्मिणी दिसली पाहिजे, लाडीगोडी आवाजात आली पाहिजे.

एकच अंतरा पुरे. गद्य बोलू दिलं नाही तर ते मनात म्हणा, तेवढा वेळ ऑर्गन चालू राहू द्या.

आणि पट्टी स्वतःची. मुलींनो, विशेष ऐका. या स्त्रीभूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व हे पुरुष. त्यांच्या गळ्याला साजेल त्या पट्टीत ही पदं गायली गेली. तुम्ही ती खाली ओढून का गाता? वादकांना आधी भेटा, पट्टी सांगा, ठेका सांगा, आणि लय हातावर मोजून दाखवा. नुसतं ‘मध्यलय’ म्हणू नका, प्रत्येक तबलजीची मध्यलय निराळी असते.