फूल सरल्यावर: कर्दळ आणि निशिगंध

मंडळी, बागेवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फुलं यावीत म्हणून काय घालू? आज मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणार आहे. फूल येऊन गेलं, सुकलं, नुसता दांडा उरला. आता काय करायचं?

कर्दळ आणि निशिगंध निवडले ते याचसाठी. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, दोन्हींना दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं, आणि दोन्ही आपली शिदोरी जमिनीखाली बांधून ठेवतात. मग आपण दोघांना एकाच हिशोबात धरतो, आणि काही महिन्यांत एक तरारतं, दुसरं कुजतं.

मातीखाली काय आहे ते आधी बघू. बोलताना आपण दोन्हींना ‘कंद’ म्हणून मोकळे होतो. कर्दळीचा असतो तो गड्डा, म्हणजे आडवं वाढणारं खोड. आलं, हळद, केळ ही तिची दूरची भावंडं आहेत, हे गड्डा हातात घेतला की पटतं. त्याला डोळे असतात, प्रत्येक डोळ्यातून नवा फुटवा येतो आणि बेट पसरत जातं. निशिगंधाचा कंद कांद्यासारखा, पण निमुळता. तो चालत कुठे जात नाही. बसल्या जागी भोवती पिल्लं धरतो.

आता दोघांमधलं साम्य, जे फार थोड्यांच्या लक्षात येतं. कर्दळीचा एक फुटवा आयुष्यात एकदाच फुलण्याचा हंगाम बघतो. निशिगंधाचा एक कंदही एकदाच फुलतो. पुढचं फूल नव्या फुटव्याचं किंवा नव्या पिल्लाचं. त्यामुळे फुलून गेलेल्या झाडाला ‘पुन्हा फुलावं’ म्हणून खत घालणं फुकट आहे. खत घालायचं ते पुढच्या पिढीसाठी. आणि ही पिढी वाढवण्याच्या दोघांच्या तऱ्हा अगदी उलट आहेत.

कर्दळीच्या बाबतीत कात्री चालवायची. पहिला तुरा संपला की फक्त तुरा कापा, कारण वरच्या पानाच्या बगलेतून बहुधा दुसरा डोकावत असतो. तोही झाला की अख्खं खोड जमिनीलगत छाटा. जीव हळहळतो, पानं हिरवीगार असतात ना! पण ते खोड आता नुसती जागा आणि ऊन अडवतं. ते गेलं की खालून कोंब जोमानं वर येतात.

निशिगंधाला हीच कात्री लावली तर पुढचं वर्ष गेलं म्हणून समजा. तिथे फुलदांडा तेवढा बुडाशी कापायचा, पानांना हात लावायचा नाही. ती गवतासारखी लोळणारी पानं दिसायला बरी नसतात, मान्य. पण पिल्लांचं पोट तीच भरत असतात. पान आपणहून पिवळं पडेपर्यंत थांबा. पिल्लू पुरेसं जाड झालं तरच पुढच्या हंगामात दांडा टाकतं. बारीक राहिलं तर आणखी एखाद वर्ष नुसती पानं बघायची. ‘आमचा निशिगंध फुलतच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, मागच्या वर्षी पानं कापली होती का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. उरलेल्यांच्या कुंडीत खच्चून पिल्लं दाटलेली असतात किंवा नत्राचं खत सढळ हातानं पडलेलं असतं. नत्र जास्त झालं की निशिगंध पानांतच रमतो. कर्दळ मात्र खादाड. कुजलेलं शेणखत दर दीड-दोन महिन्यांनी दिलं तरी नको म्हणत नाही.

पाण्याचं सांगतो, कारण यात माझी स्वतःची फजिती झाली आहे. पहिल्या वर्षी दोघांच्या कुंड्या एका रांगेत लावल्या आणि एकाच नळीनं रोज भरपूर पाणी दिलं. कर्दळ खूश. निशिगंधाची पानं पिवळी पडली, म्हणून तहान लागली असेल असं समजून पाणी वाढवलं. शेवटी कुंडी उपडी केली, तर कंदांचा लगदा झालेला आणि वास असा की रजनीगंधा हे नाव तोंडातून निघेना. पानं पिवळी पडणं ही त्याची झोपायची वेळ होती, तहान नव्हती.

कर्दळ पाण्यात पाय सोडूनही उभी राहू शकते. सांडपाणी झाडांच्या मुळांतून गाळणाऱ्या कृत्रिम पाणथळींत ती मुद्दाम लावतात, इतकी तिला ओल मानवते. निशिगंधाला पाणी हवं ते वाफसा बघून: वरची माती सुकली, आत किंचित ओल आहे, तेव्हा. दांडा निघताना मात्र ताण देऊ नका. फुलोरा संपून पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडायचं.

कडक थंडीत कंद-गड्डे उकरून ठेवावे लागतात, तिथेही हीच उलटापालट. निशिगंधाचे कंद खणखणीत कोरडे ठेवायचे. कर्दळीचा गड्डा तसा कोरडा ठेवला तर सुरकुतून मरतो. त्याला किंचित दमट भुश्शात निजवायचं. थंडी बेताची असेल तर दोघं जमिनीतच राहू द्या, पण दोन-तीन वर्षांनी उकरून वेगळे करा. कर्दळीच्या तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत, अंतर दीड-दोन फूट. निशिगंधाला वीतभर अंतर पुरतं.

गड्डे कापताना सुरी मात्र पुसून घ्या. कर्दळीला विषाणूचे रोग जडतात. पानांवर शिरांच्या कडेनं पिवळे पट्टे उमटतात, फुलांवर ठिगळं दिसतात. त्यावर औषध नाही. ते बेट गड्ड्यासकट काढून टाकायचं, वाटायचं तर मुळीच नाही. निशिगंधाला फुलकिडे आणि सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, छळतात. सूत्रकृमी लागले असतील तर त्याच मातीत पुन्हा कंद लावू नका, एवढं पुरे.

कोणतं कुठे लावायचं, हे मी फुलाकडे बघून ठरवतो. कर्दळीच्या ज्या भडक पाकळ्या आपण म्हणतो त्या पाकळ्याच नाहीत. ते रुंदावलेले वांझ पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या खाली अरुंद, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या. परागकण देतं ते एकाच पुंकेसराचं अर्धं अंग. सगळा कारभार रंगाचा, वास जवळपास नाही. म्हणून ती लांबून दिसेल अशी लावावी. निशिगंधाचा पांढरा रंग, लांब नळी आणि अंधार पडता चढणारा वास हा थाट निशाचर पतंगांसाठी आहे. तो बसायच्या जागेजवळ हवा. हे फूल तोडल्यावरही वास तयार करत राहतं. म्हणून फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरवाले ते न उकळता चरबीच्या थरावर पसरून ठेवत आणि चरबीत वास मुरू देत. वासासाठी लावणार असाल तर एकेरी जातच घ्या. दुहेरी दिसते भरगच्च, पण वासाला कमी.

आणि कर्दळीची बी! काळी, गोल, छऱ्यासारखी टणक. अर्जेंटिनात एका जुन्या थडग्यात अक्रोडाच्या कवचांचा खुळखुळा सापडला, आत कर्दळीच्या बिया. कवचाचं वय सुमारे ६०० वर्षं निघालं आणि त्यातली एक बी रुजली. तुम्हाला बी लावायची असेल तर कानशीनं घासून आतला पांढरा भाग दिसू द्या आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. नाहीतर तीही वाट बघत बसेल.

मघाशी चिठ्ठी आली आहे: एकाच वाफ्यात दोन्ही लावता येतील का? येतील. सरी-वरंबा काढा. वरंब्यावर निशिगंध, सरीत कर्दळ, म्हणजे जास्तीचं पाणी जिला हवं तिच्याकडे उतरेल. कर्दळ बुटकी निवडा. उंच जात पाच-सहा फुटांवर जाते आणि निशिगंधाचं ऊन खाते. वर्षातून एकदा दोघांच्या मधून फावडं उभं मारून फिरवा. गड्डा वरंब्याकडे सरकायला लागला असेल, तर तिथेच तुटेल.